वजन ८६ किलो आणि तरी आयर्न, डी, बी-१२ सगळंच कमी! आतडं शोषूनच घेत नाही का?

ठाणेकर_बाई

नमस्कार मंडळी, लांबलचक लिहितेय, सांभाळून घ्या. वय ३७, उंची पाच फूट दोन, वजन ८६. पीसीओएस, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित, कॉलेजपासून, थायरॉईडची ७५ ची गोळी, मेटफॉर्मिन पाचशेची दोन वेळा, हेही बरीच वर्षं झाली. परवा सगळं चेकअप केलं तर एचबी म्हणजे हिमोग्लोबिन ९.८, एमसीव्ही म्हणजे लाल पेशींचा आकार ७२, फेरिटिन म्हणजे लोहाचा साठा ५८, बी-१२ १६४, आणि व्हिटॅमिन डी १७, तेसुद्धा ती साठ हजारवाली पावडर दर आठवड्याला दुधातून घेऊन कोर्स संपवल्यावर.

आता घरात काय होतंय बघा. जो येतो तो म्हणतो खात्यापित्या घरची दिसतेस, तुला कसली कमतरता. सासूबाईंनी अळिवाचे लाडू करून डबा भरून ठेवलाय, प्रेमाने केलेत म्हणून खाते पण त्यातला गूळ, खोबरं, तूप कुठे जातंय ते आरशात दिसतंय, लोह कुठे जातंय ते नाही दिसत. नवरा इंजिनियर, त्याचं लॉजिक वेगळंच, म्हणाला तुझं आतडं नीट शोषत नसेल तर तू बारीक व्हायला हवीस ना, भात-पोळी बरोब्बर शोषली जाते आणि लोह तेवढं बाहेर, असं कसं? चिडले मी, पण उत्तर सुचलं नाही कारण प्रश्न मलाही पटला.

त्यात एका डॉक्टरांनी फेरिटिन नॉर्मल आहे म्हणून आयर्न बंद करा सांगितलं, दुसरे म्हणाले दिवसातून दोनदा घ्या. सध्या उठल्यावर थायरॉईडची गोळी, अर्ध्या तासाने चहा-नाश्ता आणि त्याच्यासोबतच आयर्न, कॅल्शियम सगळं एकदम उरकते कारण साडेआठची लोकल. इन्स्टावर एक बाई सांगतात हे सगळं लीकी गट, म्हणजे आतडं गळतंय, ते आहे, त्यावर पावडर आहे त्यांच्याकडे, तीन हजाराची.

विचारायचं एवढंच की वजनाचा आणि हार्मोन्सचा लहान आतड्यातल्या शोषणावर खरंच काही परिणाम होतो का, की जाड बाई दिसली की सगळं वजनावर ढकलायचं अशी पद्धतच आहे?

मामाचा_वाडा

ताई रोज बीट गाजर डाळिंब ज्यूस घ्या. आमच्या आत्याचं एचबी झरझर वर गेलं. त्या गोळ्यांनी नुसती गरमी होते.

जुना_पापी

बीटात लोह किती ते एकदा बघा मालक, शंभर ग्रॅममध्ये एक मिलिग्रॅमच्या आसपास. लाल दिसतं म्हणून रक्त वाढत नाही. शिवाय बाई विचारतायत शोषणाचं. मास्तर कुठायत, हाक मारा कोणीतरी.

बायोकेमचे_मास्तर

आलो आलो. आधी तुमच्या नवऱ्याला माझा नमस्कार सांगा, प्रश्न एकदम मुद्द्याचा विचारलाय त्याने. याचं उत्तर कळलं की बाकीचं आपोआप सुटतं.

तर ऐका. साखर, स्टार्च, तेल-तूप, प्रोटीन हे आतडं जवळपास सगळंच आत घेतं, नव्वद टक्क्यांच्या वरच. पोट भरलेलं आहे, चरबी भरपूर साठली आहे, आता पुरे, असं सांगून आतड्यात साखरेची वाट अडवणारा कुठलाही हार्मोन शरीरात नाही. भूक कमी करणारे हार्मोन आहेत, जठरातून अन्न हळू सोडणारे आहेत, पण एकदा अन्न लहान आतड्यात उतरलं की कॅलरी आत जाणारच. कारण आपलं शरीर दुष्काळात घडलंय, मिळालेली कॅलरी सोडून द्यायची त्याला सवयच नाही.

लोहाचं उलट आहे. लोह जास्त झालं तर विष आहे, आणि एकदा रक्तात आलेलं जादा लोह बाहेर टाकायची सोयच शरीरात नाही. लघवीतून नाही, घामातून नगण्य. रोज मिलिग्रॅम-दीड मिलिग्रॅम जातं ते पेशी झडून, आणि बायकांचं पाळीतून. त्यामुळे कंट्रोल ठेवायचा तर तो आत येतानाच, आणि ती जागा म्हणजे जठर संपल्या संपल्या सुरू होणारा लहान आतड्याचा पहिला वीतभर भाग, ड्युओडेनम.

तिथल्या पेशीत जेवणातलं किंवा गोळीतलं लोह शिरतं. पण पेशीत शिरणं म्हणजे शरीरात येणं नव्हे. पेशीच्या दुसऱ्या बाजूने रक्तात उतरायला एकच दार आहे, फेरोपोर्टिन नावाचं प्रोटीन. आणि हे दार बंद करणारा हार्मोन म्हणजे हेप्सिडिन, लिव्हरमध्ये बनतो, फक्त २५ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, आणि सापडला २००० च्या आसपास, म्हणजे आमच्या एमएस्सीच्या पुस्तकात हा नव्हताच. हेप्सिडिन जाऊन फेरोपोर्टिनला चिकटतो, पेशी ते दारच आत ओढून घेते आणि मोडून टाकते. मग लोह पेशीतच अडकतं. आणि आतड्याच्या या पेशींचं आयुष्य किती, तीन ते पाच दिवस. पेशी झडली की आतलं लोह घेऊन शौचावाटे बाहेर. म्हणजे तुम्ही गोळी घेतली, आतड्याने ती उचललीसुद्धा, पण तुमच्यापर्यंत पोचली नाही.

आता लिव्हर हेप्सिडिन कधी वाढवतं? एक, लोहाचा साठा भरलेला असताना, ते ठीकच आहे. दोन, शरीरात कुठे दाह चालू असताना. जंतूंना वाढायला लोह लागतं, म्हणून इन्फेक्शन आलं की लिव्हर लोहाची वाट बंद करतं, जुनी युक्ती आहे. आणि इथे वजन येतं. चरबी, त्यातून पोटाच्या आतली चरबी, नुसती पडून नसते, ती आयएल-६ सारखे दाहाचे संदेश सोडत असते, लेप्टिन हा चरबीचा हार्मोनही भरपूर सोडते, आणि हे दोन्ही लिव्हरला हेप्सिडिन वाढवायला लावतात. ताप नाही, दुखणं नाही, पण लिव्हरला वाटतंय बारीकसं इन्फेक्शन बारा महिने चालू आहे. म्हणून नवऱ्याला सांगा, कॅलरीला दार नाही, लोहाला आहे, आणि वजनामुळे बंद होतंय ते हेच.

साखरेच्या बाबतीत तर अजून वाईट. फार लठ्ठ लोकांच्या आतड्यात ग्लुकोज ओढणारं एसजीएलटी-१ हे प्रोटीन जास्त सापडलंय आणि ग्लुकोज नेहमीपेक्षा भरभर आत जातं. म्हणजे एकाच आतड्यात साखर जोरात आणि लोह बंद. लीकी गट वगैरे बाजूला ठेवा, तीन हजार वाचवा.

डी आणि बी-१२ चं वेगळं गणित आहे, जेवून येतो मग लिहितो.

लॅबवाली

मास्तर जेवेपर्यंत मी फेरिटिनचं सांगते, रोज हेच रिपोर्ट हाताखालून जातात.

ठाणेकर ताई, फेरिटिन ५८ बघून लोह भरपूर आहे असं म्हणता येत नाही. फेरिटिन लोहाचा साठा दाखवतं हे खरं, पण दाह असला की ते खोटं वाढतं. लॅबच्या कागदावर बायकांसाठी नॉर्मलची खालची ओळ साधारण १२-१५ ला असते, ती दाह नसलेल्या माणसासाठी. दाह असेल तर शंभरच्या खालचं फेरिटिनसुद्धा संशयाने बघतात. म्हणून सोबत सीआरपी, म्हणजे दाह दाखवणारी टेस्ट, करा, आणि सीरम आयर्न, टीआयबीसी करून ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रोटीन किती भरलंय ते, काढा, ते २० टक्क्यांच्या खाली आलं तर लोह पेशींपर्यंत पोचत नाहीये हे नक्की. आयर्नची गोळी आदल्या दिवशी घेऊ नका आणि सकाळी उपाशीपोटी या, नाहीतर सीरम आयर्न फुगलेलं येतं आणि सगळा हिशेब बोंबलतो.

दुसरं, एमसीव्ही ७२ आहे. एवढं खाली बघितलं की मी एक गोष्ट विचारतेच, थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आईबापाकडून येणारा हिमोग्लोबिनचा सौम्य दोष, कधी तपासलंय का? सिंधी, लोहाणा, कच्छी भानुशाली यांच्यात जास्त असतं म्हणून आपल्याकडचे लोक करतच नाहीत, पण मराठी घरांतही निघतं. तसं असेल तर एचबी थोडं खालीच राहणार, तुम्ही कितीही आयर्न गिळा. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी एचबी इलेक्ट्रोफोरेसिस नाहीतर एचपीएलसी सांगा, आयुष्यात एकदाच करायची टेस्ट आहे.

भांडकुदळ_मंजिरी

मास्तरांचं सगळं मान्य, पण ताईने शेवटी जे विचारलं त्याचं काय? जाड बाई दिसली की सगळं वजनावर. माझ्या बहिणीला दोन वर्षं हेच ऐकवलं, वजन कमी करा वजन कमी करा, शेवटी सोनोग्राफी केली तर गर्भाशयात फायब्रॉईडची गाठ. रक्त तिथून जात होतं आणि सगळे आतड्याच्या आणि वजनाच्या मागे लागलेले.

ताई, पाळी कशी आहे? पीसीओएसला पाळी लांबते पण येते तेव्हा धो धो येते असं पुष्कळ जणींचं असतं. थायरॉईड कमी असलं तरी जास्त जातं. गाठी पडतात का, रात्री उठून पॅड बदलावं लागतं का, हे आधी बघा. आणि थायरॉईड जर ऑटोइम्युन असेल, म्हणजे शरीरच थायरॉईडवर उलटलेलं, अँटी-टीपीओ टेस्ट पॉझिटिव्ह, तर सीलिअ‍ॅकचीही टेस्ट करून घ्या, टीटीजी नावाची. गव्हाच्या ग्लुटेनने त्याच ड्युओडेनमची लव झडते आणि लोह शोषलं जात नाही. सीलिअ‍ॅकवाला माणूस हडकुळाच असतो हा गैरसमज आहे, जाड लोकांतही सापडतो, आणि उशिरा सापडतो, कारण बघून कोणाला शंकाच येत नाही.

हेप्सिडिन वाढलेलं असेलही. पण ते साध्या लॅबमध्ये कोणी मोजत नाही, त्यामुळे हेप्सिडिन हेप्सिडिन म्हणत बाकीचं सोडून देऊ नये एवढंच.

बायोकेमचे_मास्तर

मंजिरीताई, शंभर टक्के. रक्त कुठून जातंय हे आधी, आतडं नंतर. आणि हेप्सिडिनची टेस्ट नेहमीच्या लॅबमध्ये होत नाही हेही खरं, ती संशोधनातच जास्त. पण एक जोडतो. रक्त जाऊन लोह कमी झालं की निरोगी माणसात हेप्सिडिन तळाला जातो आणि आतडं लोह दुप्पट-तिप्पट ओढायला लागतं, भरपाई होते. वजन आणि दाह असला की ती भरपाई अडते. म्हणजे फायब्रॉईड हे कारण असलं तरी जाड बाईचं एचबी सावरायला जास्त वेळ लागतो. दोन्ही खरं असू शकतं एका वेळी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ ची, १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना अ‍ॅनिमिया आणि २४ टक्के बायकांचं वजन जास्त, हे दोन गट वेगवेगळ्या घरांत राहत नाहीत.

आता डी. इथे मी शोषण हा शब्द वापरणार नाही. डी तेलात विरघळतं, लहान आतड्यात पित्ताच्या मदतीने चरबीबरोबर आत जातं, आणि लठ्ठ माणसात ते आत जाणं काही बंद पडत नाही. अडचण पुढे आहे. आत आल्यावर ते पसरतं कुठे? चरबीत. चार माणसांच्या आमटीचं मीठ दहा माणसांच्या पातेल्यात टाकलं तर आमटी अळणीच लागणार, तसंय हे. अमेरिकेत २००० साली एक प्रयोग प्रसिद्ध झाला, लठ्ठ आणि सडपातळ लोकांना सारखाच अतिनील प्रकाश दिला, त्वचेत डी बनवायचा कच्चा माल दोघांत सारखाच होता, तरी लठ्ठ लोकांच्या रक्तातली डी-ची वाढ ५७ टक्क्यांनी कमी. म्हणून तुमची पावडर फुकट गेली नाही, तुमच्या वजनाला डोस पुरला नाही. लठ्ठपणात डोस दुप्पट-तिप्पट लागू शकतो, पण तो डॉक्टरने ठरवायचा, साठ हजारच्या पावडरी मेडिकलमधून स्वतः आणून आठवड्याला तीन घेऊ नका, डी जास्त झालं की कॅल्शियम चढतं आणि मग किडनीचं प्रकरण.

आणि डी हे नावाला व्हिटॅमिन, काम हार्मोनचं. किडनीत त्याचं कॅल्सिट्रायॉल होतं, आणि ते आतड्याच्या पेशीला सांगतं की कॅल्शियम ओढायची प्रोटीनं बनव. डी नाही तर दुधातलं कॅल्शियम बरंचसं तसंच पुढे जातं. गरोदरपणात हाच हार्मोन वाढतो आणि बाईचं आतडं कॅल्शियम जवळजवळ दुप्पट ओढतं, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी झालं की उलटा प्रवास. दम्याला किंवा संधिवाताला स्टिरॉईडच्या गोळ्या चालू असतील तरी कॅल्शियमचं शोषण घटतं. एकच आतडं, पण वरून कुठला हार्मोन काय सांगतोय त्यावर सगळं. गंमत म्हणजे जगातला पहिला हार्मोन सापडला तोच लहान आतड्यात, सिक्रेटिन, १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टारलिंग यांना. आतडं ऑर्डर घेतं तशी सोडतंही.

बी-१२ वर उद्या.

ठाणेकर_बाई

बापरे, एवढं कोणी डॉक्टरने सांगितलं नव्हतं. पाळी दीड-दोन महिन्यांनी येते आणि आली की दोन दिवस ऑफिसला जायची हिंमत होत नाही, गाठी पडतात. हे जास्त आहे असं मला वाटतच नव्हतं, आईचंही तसंच होतं. सोनोग्राफीची अपॉइंटमेंट घेते. सीआरपी आणि लॅबवाली ताईंनी सांगितलेल्या टेस्ट सोमवारी.

गोळ्या कशा कधी घ्यायच्या ते कोणी सांगेल का? आणि शाकाहारी आहे मी, अंडंही नाही.

पालेभाजीवाली_डाएटिशियन

सांगते. थायरॉईडची गोळी मुख्यतः लहान आतड्यातच शोषली जाते आणि आयर्न, कॅल्शियम तिला चिकटून तिचं शोषण पाडतात, म्हणून मध्ये चार तास हवेत. तुमच्या रूटीनमध्ये ते अर्धा तास आहे. यामुळे टीएसएच, म्हणजे थायरॉईडचा रिपोर्ट, वरखाली होत असणार, आणि मग डॉक्टर डोस वाढवत जातात. थायरॉईड सकाळी उठल्या उठल्या साध्या पाण्याने, ती तशीच राहू दे. आयर्न दुपारी जेवणाआधी तासभर ऑफिसमध्ये, कॅल्शियम रात्री जेवणाबरोबर. आयर्न आणि कॅल्शियम एकत्र नकोच, एकमेकांच्या वाटेत येतात. पोटात फार ढवळलं तर आयर्नबरोबर थोडं खा, थोडं शोषण कमी होईल पण गोळी सुटण्यापेक्षा बरं.

आता चहा. आपल्याकडे जेवण झालं की चहा, नाश्त्याबरोबर चहा, सगळीकडे चहा, आणि चहातलं टॅनिन शाकाहारी जेवणातलं लोह धरून ठेवतं. सोडा म्हणत नाही मी, कोणी सोडत नाही, पण जेवणाच्या आधी-नंतर एक तास चहा नको. लोकलमध्ये बसल्यावर प्यायला तर चालेल.

लिंबू पिळा, आवळा खा, पेरू खा, सी व्हिटॅमिनने शाकाहारी लोह शोषलं जातं. पण इथे एक बारीक गोष्ट आहे जी मी क्लायंटना सांगते, जास्त वजनाच्या बायकांमध्ये सी-चा हा फायदा साधारण निम्माच मिळतो असं २०१५ च्या एका अभ्यासात दिसलंय. कारण सी लोहाला पेशीत शिरायला मदत करतं, पुढचं दार मास्तर म्हणाले तसं बंदच. म्हणून नुसता आवळ्यावर भर देऊन जमत नाही. तरी खा, निम्मा तर निम्मा.

अळीव चांगलेच आहेत, लोह खरंच भरपूर. लाडूऐवजी चमचाभर अळीव लिंबूपाण्यात भिजवून घ्या म्हणजे गूळ-खोबऱ्याचा प्रश्न मिटला, सासूबाईंना कसं सांगायचं ते तुम्ही बघा 😄 नाचणी कॅल्शियमला उत्तम, लोहाला लोक समजतात तेवढी नाही. मोड आणून, आंबवून खाल्लं की धान्य-डाळीतलं लोह अडवणारं फायटेट कमी होतं, म्हणून मटकीची उसळ, आंबोळी, ढोकळा हे साध्या डाळीपेक्षा सरस. आणि लोखंडी कढईत आमटी-भाजी करा, चिंच-टोमॅटो-कोकम घालून केली की त्यात खरंच लोह उतरतं.

बायोकेमचे_मास्तर

आयर्न दोनदा की एकदा, हे मघाशी राहिलं. एक डोस घेतला की हेप्सिडिन साधारण दिवसभर चढलेला राहतो. मग संध्याकाळची दुसरी गोळी त्या बंद दारावर जाऊन आदळते, शोषण कमी आणि पोट मात्र बिघडतं कारण न शोषलेलं लोह पुढे मोठ्या आतड्यात जातं, शौच काळं होणं त्याचंच. झुरिकच्या लोकांनी लोह कमी असलेल्या तरुण मुलींवर हे करून बघितलं, २०१७ मध्ये छापून आलं, ६० मिलिग्रॅम रोज दिलं तर सरासरी १६ टक्के शोषलं गेलं आणि एक दिवसाआड दिलं तर जवळपास २२ टक्के. म्हणून आजकाल बरेच डॉक्टर दिवसातून एकदा किंवा एक दिवसाआड देतात. पण त्या मुली अ‍ॅनिमियात नव्हत्या आणि त्यांचं वजनही तुमच्याएवढं नव्हतं, तुमचं ९.८ आहे, त्यामुळे डॉक्टरशी बोलून ठरवा. गोळ्यांनी नाहीच हललं तर शिरेतून आयर्न देतात, ते आतड्याला बगल देऊन थेट जातं, हा मार्ग आहे हे माहीत असू दे.

बी-१२. हे शोषलं जातं अगदी दुसऱ्या टोकाला, लहान आतडं संपता संपता, इलियमच्या शेवटच्या भागात, आणि जठरातलं इन्ट्रिन्सिक फॅक्टर सोबत असलं तरच. त्या वाटेने एका वेळेला दीड-दोन मायक्रोग्रॅमच जातं, बाकी सगळं बाहेर. वजनाने हे थेट बिघडतं असं मी म्हणणार नाही. तुमच्या बाबतीत दोन साधी कारणं आहेत, अंड-मांस नाही, आणि मेटफॉर्मिन. मेटफॉर्मिन बरीच वर्षं घेतलं की इलियममधलं बी-१२ चं शोषण कमी होतं, म्हणून अशा पेशंटची बी-१२ मधूनमधून तपासावी असं मधुमेहाच्या गाईडलाईन्समध्येही आहे. मेटफॉर्मिन बंद करू नका, ते तुमच्या इन्सुलिन रेझिस्टन्ससाठी आहे, बी-१२ वरून द्या. हजार-पंधराशे मायक्रोग्रॅमच्या गोळ्या का असतात तर एक टक्का इन्ट्रिन्सिक फॅक्टरशिवाय आपोआप झिरपतो, हजारातले दहा आत आले तरी काम झालं. पॅन-डी वगैरे अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या रोज घेत असाल तर तेही सांगा, अ‍ॅसिड मारलं की लोह आणि बी-१२ दोन्हीला झळ.

आणि हे शहरातल्या शाकाहारी बायकांचंच नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, त्यांचा पुण्याजवळच्या सहा गावांतला अभ्यास १९९३ पासून चालू आहे, त्यात गरोदर बायकांपैकी साधारण दोन तृतीयांश जणींचं बी-१२ कमी निघालं, आणि ज्यांचं फोलेट जास्त नि बी-१२ कमी त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिन रेझिस्टन्स जास्त. त्यांचाच तो प्रसिद्ध फोटोही, ते स्वतः आणि इंग्लंडचे डॉ. यडकिन शेजारी उभे, दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र यडकिनच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. म्हणून वरती जे दाहाचं लिहिलं ते फक्त ८६ किलोवाल्यांना लागू असं समजून बारीक लोकांनी निवांत बसू नये. काटा कमी दाखवतो पण पोटाच्या आत चरबी असतेच आपल्याकडे.

जर्सीतला_जोशी

मास्तर सलाम. एक प्रश्न आणि थोडी माहिती. मी इकडे वजन उतरवायचं टिर्झेपटाईडचं इंजेक्शन घेतोय, आता भारतातही मौंजारो नावाने आलंय २०२५ पासून. वजन उतरतंय मस्त, पण माझी डाएटिशियन दर वेळी आयर्न, बी-१२, डी, प्रोटीन याच्याच मागे असते. मला वाटायचं हे औषध शोषण बंद करतं म्हणून वजन उतरतं. तसं आहे का?

आणि बायको म्हणते ठाणेकर ताईंना एक सांग, हे इंजेक्शन सुरू करायचा विचार असेल आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील, पीसीओएसला बऱ्याच जणींना असतात, तर सुरुवातीचे चार आठवडे आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे दुसरं साधन वापरा. जठर हळू रिकामं होतं त्यामुळे गोळीचा भरवसा कमी. औषधाच्या कागदावरच लिहिलंय ते.

बायोकेमचे_मास्तर

नाही, शोषण बंद करत नाही. जीएलपी-१ हा आपल्याच आतड्याचा हार्मोन, लहान आतड्याच्या शेवटच्या भागातल्या आणि मोठ्या आतड्यातल्या एल पेशी सोडतात. जीआयपी वरच्या भागातल्या के पेशी सोडतात. तुमचं इंजेक्शन या दोन्हीचं सोंग घेतं. भूक मारतं, जठर हळू रिकामं करतं, जे खाल ते मात्र नीट शोषलं जातं. प्रॉब्लेम एवढाच की तुम्ही खाताय अर्धं, मग लोह-कॅल्शियमही अर्धंच येणार. म्हणून डाएटिशियनबाई बरोबर आहेत.

खरोखर शोषण बदलतं ते वजनासाठी करतात त्या आतड्याच्या बायपासच्या ऑपरेशनमध्ये. तिथे अन्न ड्युओडेनमला वळसा घालून पुढे जातं, म्हणजे लोह आणि कॅल्शियम जिथे घेतलं जातं तोच भाग सुटतो. म्हणून ती माणसं आयुष्यभर आयर्न, कॅल्शियम, बी-१२ घेतात, आणि जी घेत नाहीत ती पुन्हा दवाखान्यात दिसतात. पण त्याच ऑपरेशनने अन्न खालच्या भागात लवकर पोचतं, एल पेशी खवळतात, जीएलपी-१ भरपूर सुटतं आणि बऱ्याच जणांची शुगर वजन उतरायच्या आधीच, काही दिवसांत खाली येते. स्लीव्हमध्ये, जिथे फक्त जठर कापतात आणि आतडं तसंच राहतं, तिथे ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी लोह कमी असलेल्या बायकांचं लोहाचं शोषण सुधारलेलं सापडलंय. वजन उतरलं, दाह उतरला, हेप्सिडिन उतरला, दार उघडलं.

जुना_पापी

म्हणजे अ‍ॅनिमिया आहे म्हणून व्यायाम होत नाही, व्यायाम नाही म्हणून वजन उतरत नाही, वजन आहे म्हणून अ‍ॅनिमिया जात नाही. वा.

पालेभाजीवाली_डाएटिशियन

तेच तर. म्हणून मी आधी एचबी वर आणायला लावते, जिन्याने धाप लागणाऱ्या बाईला रोज दहा हजार पावलं सांगून काय उपयोग. आणि क्रॅश डाएट नको, त्यात वजनाआधी लोह-प्रोटीनच कमी होतं.

ठाणेकर_बाई

रिपोर्ट आले. सीआरपी ११, ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन ९ टक्के. सोनोग्राफीत फायब्रॉईड नाही, गर्भाशयाचं अस्तर जाड आहे, त्यासाठी गायनॅक बघतायत. टीटीजी निगेटिव्ह. फिजिशियनना फेरिटिन आणि सीआरपी शेजारी शेजारी ठेवून दाखवलं, त्यांनी आयर्न परत सुरू केलंय, दिवसातून एकदाच, दुपारी, आणि सहा आठवड्यांनी एचबी बघू, नाही वाढलं तर शिरेतून. डी-चा डोस वाढवलाय, बी-१२ ची इंजेक्शनं सुरू. नवऱ्याला दाराची गोष्ट सांगितली तर म्हणतो मग त्या दाराला बायपास स्विच नाही का, त्याला जर्सीच्या जोशींचं वाचायला दिलंय.

लॅबवाली ताई, ती एचपीएलसी आत्ताच करू की एचबी वाढल्यावर? आता आयर्न सुरू झालंय म्हणून विचारते.

लॅबवाली

आत्ता केली तरी चालेल, आयर्नच्या गोळीने ती टेस्ट बिघडत नाही. फक्त लोह एवढं कमी असताना एचबी-ए२, म्हणजे या टेस्टमध्ये बघतात तो हिमोग्लोबिनचा प्रकार, थोडं खाली दिसतं. साडेतीन टक्क्यांच्या वर स्पष्ट आलं तर मायनर आहे म्हणून घ्या, अगदी बॉर्डरला आलं तर लोह भरल्यावर परत करायला सांगेन. आणि तसं निघालंच तर नवऱ्याचीही करून घ्या, मुलांचा विचार असेल तर ते महत्त्वाचं.